मामंजी जेवले का?

परवा दुपारी एक म्हातारी बाई एसटीतून उतरून थेट आमच्या दुकानांच्या रांगेसमोर येऊन उभी राहिली. काखेला टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथल्या रंगीत कव्हरांच्या माळा बघून ती गोंधळली आणि माझ्याकडे वळली.

"शीडीवाल्या ताईंचा दुकान हितंच व्हता ना?"

मी होय म्हटलं. तिने माझ्या काउंटरवर टॉवेल सोडला. आत डीव्हीडी प्लेअर होता. त्याच्यावर लोकरीचा विणलेला रुमाल, आणि वायर नीट वळून रबर लावलेली.

"ताईंनी सांगितलेलं, पुन्यांदा येशील तवा मशीन घेऊन ये. म्हनून आनलंय."

कुमुदताई आता नाहीत हे मला तिला सांगावं लागलं. मुलीकडे कोल्हापूरला गेल्या, आणि तिथेच गेल्या पावसाळ्यात वारल्या. बाईने प्लेअरवरचा रुमाल सारखा केला. मग "बरी व्हती वो बाय," एवढंच म्हणाली, मी मागवलेला चहा प्याली आणि टॉवेल पुन्हा बांधून परतीच्या गाडीला लागली. ती गेल्यावर उरलेला दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना ठरवलं की कुमुदताईंबद्दल आपण लिहायचं. आपण लिहिणारे नव्हे, पण मग दुसरं कोण लिहिणार?

रत्नागिरीत माळनाक्यावरच्या त्या गाळ्यात कुमुदताई शिवलकर डीव्हीडी बनवत. आधी त्यांचे यजमान लग्नाचं शूटिंग करायचे आणि ताई घरी बसून ते जोडायच्या. यजमान गेले. कॅमेरा ताईंनी विकून टाकला आणि फक्त डिस्कचं काम ठेवलं. लोक कुणाकुणाकडून केलेलं शूटिंग घेऊन यायचे. लग्नाचं, मुंजीचं, शिमग्यातल्या पालखीचं, गावच्या नमनाच्या खेळाचं. ताई त्याची डिस्क करून द्यायच्या. आणि गिऱ्हाईक पायरी चढलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं.

"मशीन आणा."

म्हणजे ज्या प्लेअरवर ही डिस्क घरी लावणार तो प्लेअर इथे आणा. तो बघितल्याशिवाय डिस्क हातात मिळणार नाही. नवीन गिऱ्हाईक चक्रावायचं. शिंप्याकडे माप द्यायला जावं, तर शिंप्याने कपाट आणायला सांगावं, तशी त्याची अवस्था व्हायची. कुणी म्हणे, अहो ताई, डिस्क ती डिस्क, कुठेही चालेल. यावर ताई चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि आवाज चढवायच्या. आवाज त्यांचा आधीच चढा.

"कुठेही चालेल असं तुम्हाला कुणी सांगितलंन? एका कंपनीचं मशीन एका जातीची डिस्क खातं, दुसरं त्या डिस्ककडे ढुंकून बघत नाही. एक मशीन नवीन फाइल ओळखतं, दुसऱ्याला ती परकी भाषा. घरी जाऊन लावाल, 'नो डिस्क' येईल आणि नाव माझं खराब. मशीन आणा."

आणि लोक आणत! याचंच मला पहिल्यापासून नवल वाटत आलं. पालीहून, देवरूखहून, कुठल्या कुठल्या वाड्यांवरून माणसं प्लेअर घेऊन येत. लुगड्यात, गोणपाटात, आंब्याच्या पेटीत गवत घालून. माझ्या दुकानाच्या बाकावर मांडीवर प्लेअर घेऊन बसलेल्या बायका बघितल्या की हा दवाखाना आहे आणि या लेकरांना डोस पाजायला घेऊन आल्यात असं वाटायचं.

ताई नम्र वगैरे अजिबात नव्हत्या. "रत्नागिरीत डीव्हीडी म्हणजे मी. बाकीचे चकत्या विकतात," असं त्या भर रस्त्यात ऐकू जाईल असं बोलायच्या. आणि हे खरं असल्यामुळे कुणाला राग धरता येत नसे. डिस्क धरायची त्यांची एक पद्धत होती. मधल्या भोकात तर्जनी, कडेला अंगठा, आणि दाराच्या उजेडात ती तिरपी करून बघायची. कुणी चमकत्या बाजूला बोट लावलं की त्यांच्या तोंडून "मेल्या!" निघालंच. मग तो वकील असो की बागायतदार. डिस्कवर छापील कागद चिकटवू द्यायच्या नाहीत. "गरगर फिरणाऱ्याला ओझं घालू नये, तोल जातो," म्हणायच्या. डिस्क लिहायच्या ती मशीनच्या सगळ्यात मंद गतीवर. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की सांगायच्या, "गाडी चुकली तर मागून दुसरी आहे. घाईत लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही."

त्यांच्या दुकानात मागच्या फळीवर प्लेअरांची रांग होती. लोकांनी टाकून दिलेले, मोडीत निघालेले, ताईंनी दुरुस्त करून ठेवलेले. प्रत्येकाला नाव होतं. एक देवरूखकरीण होती, एक मास्तर होता. आणि सगळ्यात कडेला, कुठल्या कंपनीचा ते देवालाही ठाऊक नसलेला, मुंबईच्या फुटपाथवरून कुणीतरी आणलेला एक बुटका काळा प्लेअर होता. त्याचं नाव मामंजी.

मी एकदा विचारलं, मामंजी का?

"आमचे मामंजी होते ना, माझे सासरे, त्यांच्यापुढे काहीही वाढा. बघायचे, नाक मुरडायचे, ताट सरकवायचे. हे मशीन थेट त्यांच्यावर गेलंय. काहीही घाला, तोंडात घेतं, थोडं घोळवतं आणि बाहेर काढतं." असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर बाजारातली एक डिस्क घातली. मामंजींनी ती आत घेतली, जरा घरघर केली आणि खण पुढे करून परत दिली. मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो.

तर नियम असा होता. डिस्क तयार झाली की आधी गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावायची, आणि शेवटी मामंजींपुढे ठेवायची. मामंजी जेवले तर डिस्क पास. नाही जेवले तर ताई ती डिस्क मोडून केराच्या डब्यात टाकणार आणि पहिल्यापासून बसणार. मी दुपारी चहा घेऊन गेलो की विचारायचो, "काय ताई, मामंजी जेवले का?" त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणायच्या, "अजून पाटावर बसलेत."

एकदा पालीचे एक बागायतदार रागारागाने आले. पुतण्याने त्यांना घरच्या संगणकावर बारशाची डीव्हीडी "बनवून" दिली होती आणि ती घरच्या प्लेअरवर लागत नव्हती. ताईंनी ती बघितली. पुतण्याने मोबाइलमधल्या फाइली नुसत्या उचलून डिस्कवर टाकल्या होत्या.

"अप्पा, आंबे उतरवलेत आणि नुसते खोलीत ओतलेत, तर आढी झाली का ती?"

"छे! गवत पसरायला हवं, थर लावायला हवेत, वर झाकायला हवं."

"मग? ह्यानं नुसते ओतलेन. चित्र वेगळ्या साच्यात बसवायला लागतं, आवाज वेगळ्या, मग त्याचे भाग पाडून ठरलेल्या नावाने ठरलेल्या कप्प्यात ठेवायचे. तुमचं मशीन तो कप्पा शोधतं. नाही सापडला की हात वर करतं. मशीन आणा."

अप्पांना हे एका फटक्यात समजलं. त्यांनी पुतण्याला फोन लावून तिथेच आढीवर व्याख्यान दिलं. पुढे त्यांच्या लेकीने अमेरिकेहून नातीच्या वाढदिवसाची डिस्क पाठवली, ती घरच्या टीव्हीवर काळीपांढरी आणि वरखाली सरकत दिसायला लागली. अप्पा पुन्हा हजर. "तिकडे रंग नसतात काय हो?" त्यांनी खरंच काळजीने विचारलं. ताई म्हणाल्या, तिकडच्या टीव्हीचा ठेका वेगळा आणि आपल्या टीव्हीचा वेगळा, गाणारा एका तालात आणि मृदंगवाला दुसऱ्या तालात बसलाय. त्यांनी तो ताल बदलून दिला. नातीचा फ्रॉक गुलाबी आहे हे अप्पांनी आमच्या दुकानात पहिल्यांदा बघितलं आणि मला आत बोलावून दाखवलं.

मला सगळ्यात भारी वाटायचा तो त्यांचा दुसरा प्रश्न. मशीन आणलं की त्या विचारायच्या, "घरी रिमोट कुणाच्या हातात असतो?" तरुण पोरांच्या हातात असेल तर डिस्क लावल्यावर छान पान उघडायचं. हळद, लग्न, जेवण, हवं ते निवडा. पण एखादी आजी एकटी असेल, तिचा रिमोट हरवलेला असेल, तर तिच्या डिस्कला पानबीन काही नाही. घातली की आपोआप सुरू, संपली की पुन्हा पहिल्यापासून. "तिला कशाला बटणं? तिला नातू हवाय," म्हणायच्या. एवढा विचार मी माझ्या जन्मात कुणासाठी केला नसेल.

आणि एक गोष्ट. ताई डिस्क तपासताना आवाज बंद ठेवायच्या. कायम. आवाज येतोय की नाही हे स्क्रीनवरच्या हिरव्या पट्ट्या उड्या मारतात त्यावरून बघायच्या. मी म्हटलं, अहो, एवढी गाणी, एवढी नमनं दुकानात येतात, कधी ऐकावंसं वाटत नाही? त्या म्हणाल्या, "लोकांच्या घरातलं आपण का ऐकायचं? माझं काम वाजतंय की नाही एवढं बघायचं." यात त्यांचा एक कडकपणा होता आणि त्या कडकपणाचा त्यांना अभिमानही होता.

आता धोंडूबुवांची गोष्ट सांगतो. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

संगमेश्वरच्या पलीकडे आत एक गाव आहे. तिथले धोंडूबुवा नमनात गण म्हणायचे. शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की पुढे नमनाचा खेळ होतो आणि खेळाची सुरुवात गणाने, गणपतीच्या स्तवनाने होते. त्या गावच्या गणाची चाल दुसऱ्या कुठल्या गावात नाही. ती बुवांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. बुवांना घशाचा आजार झाला, मुंबईला ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला. मग गावच्या पोरांनी गणाला कुठल्यातरी वरातीतल्या गाण्याची चाल लावली. बुवा सहाणेवरून उठून घरी निघून गेले आणि त्यानंतर शिमग्याला घराबाहेर पडेनासे झाले.

हे सगळं आम्हाला सांगितलं त्यांच्या बायकोने, चंद्राबाईंनी. बुवा शेजारी बसले होते, गळ्याला पंचा गुंडाळून. ताठ, गोरटेले, मोठ्या डोळ्यांचे. चंद्राबाईंनी पदराची गाठ सोडून प्लॅस्टिकच्या डबीतून एक छोटी डिस्क काढली, तळहातावर मावेल एवढी.

"ह्येच्यात ह्यांचा गण हाय. आजारी पडाच्या आदल्या शिमग्याला वाडीतल्या मुंबैकरानं कॅमेऱ्यात घेतलान. आमी सगळ्यांनी कॅमेऱ्यातच बगितला. मंग त्याची गाडी सुटत व्हती, त्यानं ही काडून ह्यांच्या हातात दिलान आन गेला. आता जितं जातंव तितं बोलतात, रिकामी हाय."

"रिकामी नाही," ताई म्हणाल्या. "बंद न करता काढलीन. कॅमेऱ्यात लिहून झालं की शेवटी सांगावं लागतं, बाबा, संपलं, आता दार लाव. ते राहिलं की ही डिस्क त्या जातीच्या कॅमेऱ्याशिवाय जगात कुणाशी बोलत नाही. बघू."

त्यांनी भोकात बोट घालून डिस्क दाराच्या उजेडात धरली, आणि मी बघितलं की त्यांचा चेहरा बदलला. चमकत्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं होती. नुसती धूळ नव्हे, तेलात कालवलेलं, बसून वाळलेलं कुंकू.

"देव्हाऱ्यात ठेवलेली," चंद्राबाई म्हणाल्या. "ह्यांचा आवाज हाय त्यात. सणासुदीला हळदकुकू लावतंव."

चमकती बाजू ती तोंडाची बाजू, असं त्यांनी धरलेलं. आरशासारखं ज्यात दिसतं तेच तोंड, नाही का? मी डोळे मिटून घेतले, कारण आता "मेल्या"चा पाऊस पडणार होता. एका बोटाच्या ठशासाठी ताईंनी भल्याभल्यांना सोललेलं मी ऐकलं होतं. पण ताईंनी डिस्क स्वच्छ रुमालावर ठेवली, आणि दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला.

"चंद्राबाई, देवाला बसवलेलं मला उठवावं लागणार. चालेल ना?"

बुवांनी होकाराची मान हलवली.

आता तो कॅमेरा कुठून आणायचा? मुंबईकराने तो केव्हाच विकला होता, कंपनी कुणाला आठवत नव्हती. ताईंनी चंद्राबाईंना बरेच प्रश्न विचारले, काही लागेना. मग बुवा उठले. त्यांनी मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून तो मुंबईकर केला. कॅमेरा कसा धरला, पट्ट्यात पंजा कसा घातला, झाकण कुठल्या बाजूला कसं उघडलं, डिस्क घालताना अंगठा कुठे दाबला, आणि मग ओठ मिटून गालांनी एक थरथर केली, कॅमेऱ्यात डिस्क फिरायला लागते ती. जन्मभर नमनात सोंगं काढलेला माणूस तो. माझ्यासमोर रिकाम्या हातात कॅमेरा दिसायला लागला. ताईंनी टाळी वाजवली.

"कळलं! हा गणपतीपुळ्यात आहे!"

पुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या एकाकडे त्या जातीचा कॅमेरा होता. वाळू जाऊन त्याची काच निकामी झालेली आणि तो टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला ताईंनी कधीतरी बघितला होता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या आणि पिशवीतून तो घेऊन आल्या. मी म्हटलं, ताई, हा तर आंधळा आहे. "मला त्याच्याकडून बघून घ्यायचं नाहीये सुर्वे, वाचून घ्यायचंय," त्या म्हणाल्या.

डिस्क धुताना मी तिथे होतो. कोमट पाणी, बाळाच्या अंघोळीचा साबण आणि मऊ कापड. गोल पुसायचं नाही, मधून कडेकडे सरळ पुसायचं. ताई पुसत होत्या आणि कुंकवाचा लाल ओघळ बशीत उतरत होता. ते पाणी त्यांनी मोरीत टाकलं नाही, बाहेरच्या तुळशीला घातलं. बुवांची नजर त्यांच्या बोटांवरून क्षणभर ढळली नाही.

मग डिस्क कॅमेऱ्यात गेली. कॅमेऱ्याची वायर संगणकाला. आधी सगळं इकडे उतरवून घ्यायचं, डिस्कचं दार लावायचं ते नंतर, असं त्यांनी ठरवलं होतं. कॅमेरा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मला आठवतंय, मी देवाचं नाव घेतलं. आणि पडद्यावर सहाण आली. पताका, माणसं, पालखी, आणि मधोमध फेटा बांधलेले धोंडूबुवा. तोंड उघडत होतं, मिटत होतं. हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या.

ताई त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "सुर्वे, तुमचं झेरॉक्स बंद करा." आणि इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं ते केलं. आवाजाचं बटण धरून पूर्ण वर नेलं.

त्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. खणखणीत, थोडा अनुनासिक, डोंगराच्या या अंगाने हाक घातली तर त्या अंगाला पोचेल असा. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. चंद्राबाईंनी तोंडावर पदर धरला. बुवा पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते, तिला ऐकू येतंय ना ते बघत होते, आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते.

आणि मध्येच आवाज तुटला. चित्राचे चौकोन झाले, बुवांचा चेहरा विस्कटला, मग सगळं पुन्हा सुरू झालं. कुंकवाचं एक बोट आत मुरलं होतं. ताईंनी डिस्क काढली, पुन्हा धुतली, पुन्हा लावली. पुढचे काही दिवस त्या तेवढ्या जागेशी झगडत होत्या. बाकीचा गण स्वच्छ उतरला, पण एका ओळीच्या शेवटी श्वासभर गाणं काही हाती लागलं नाही. अखेर त्यांनी तिथे पालखीचं एक स्थिर चित्र घातलं, आवाजाविना, आणि पुढे गाणं सुरू. एखाद्याने सांधून टाकलं असतं, ओढून जवळ आणलं असतं. त्या म्हणाल्या, "जे नाही ते नाही. मी माझ्या मनाने त्यांच्या चालीत भर घालणार नाही."

बुवांना मशीन आणायला सांगितलेलं होतंच. त्यावर डिस्क लागली. मामंजीही जेवले. पण डिस्क हातात देताना ताईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "बुवा, एवढी जागा माझ्याकडून रिकामी राहिली," म्हणाल्या. बुवांनी डिस्क घेतली. कडेने धरली, भोकात बोट घालून.

त्यानंतर ताईंचे गुडघे बिघडले. डिस्क करून घेणारेही कमी झाले होते. मुलीने कोल्हापूरला येण्याचा आग्रह धरला आणि ताईंनी गाळा सोडायचं ठरवलं. फळीवरचे प्लेअर एकेका घरी दिले. देवरूखकरीण देवरूखला गेली. मामंजी मात्र फळीवर एकटेच होते, त्यांना कुठे द्यावं ठरत नव्हतं. तेवढ्यात चंद्राबाईंचा फोन आला. शिमगा तोंडावर आला होता, मुंबईची पोरं बुवांच्या घरी डिस्क लावून गणाची तालीम करत होती, आणि घरातलं मशीन बंद पडलं होतं.

"थांबा, मशीन घेऊन मी येते," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी सोबत गेलो, कारण एसटीची पायरी चढायला त्यांना हात लागायचा. मामंजींना मात्र मला हात लावू दिला नाही. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, दोन्ही हात वर ठेवून खिडकीशी बसल्या. आजवर आपल्याकडे आलेल्या सगळ्या बायकांसारख्या. संध्याकाळी जावयाची गाडी तिथूनच त्यांना घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला जाणार होती.

बुवांच्या अंगणात मांडवाखाली पोरं जमली होती. मृदंग, टाळ, झांजा. मामंजींना ओटीवर टीव्हीशेजारी बसवलं. पण पोरं म्हणाली, ताई, आधी आमचं ऐका, आता पाठ झालाय. आणि त्यांनी गण सुरू केला. तीच चाल, अगदी हुबेहूब. ताई मान डोलवत होत्या. आणि मध्येच सगळे थांबले. मृदंग थांबला, झांजा थांबल्या, सगळी पोरं समोर बघत गप्प. मग एकदम पुढची ओळ सुरू.

"हे काय? इथे का थांबले?" ताईंनी विचारलं.

"चालच तशी हाय ना ताई," चंद्राबाई म्हणाल्या. "शीडीत तशीच हाय. पोरांनी तितनंच घेतलीन."

खांबाला धरून ताई उठल्या. "अहो, ती चाल नाही! ती माझ्याकडून राहिलेली जागा आहे. बुवा, तुम्ही ह्यांना सांगितलं कसं नाहीत?"

बुवा अंगणात पुढे आले. त्यांनी पोरांना पुन्हा पहिल्यापासून घ्यायची खूण केली. पोरं गायला लागली. ती जागा जवळ आली तसा बुवांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, आणि सगळं थांबलं. मांडवाखाली इतकी शांतता झाली की अंगणाच्या दगडी गडग्यावरून सरडा गेलेला ऐकू आला. बुवांनी डावा हात गळ्यावरच्या पंचावर ठेवला. ताईंकडे बघितलं. मग उजवा हात खाली आणला, आणि पोरांनी पुढची ओळ उचलली.

"ऱ्हाऊंदे म्हनतात," चंद्राबाई म्हणाल्या.

ताई खाली बसल्या. मी जे रोज विचारायचो तेच विचारलं, "काय ताई, मामंजी जेवले का?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. "जेवले हो सुर्वे. करपलेलंसुद्धा गोड मानून जेवले."

मला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून मी निघालो. गडग्यापाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. पोरांनी आता डिस्क लावली होती. ताई ओटीच्या कडेला मामंजींना चिकटून बसल्या होत्या, रिमोट हातात, आणि आवाज त्यांनी शेवटपर्यंत चढवलेला होता. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. हे मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

पायवाटेने खाली उतरताना बुवांचा तो आवाज माझ्या पाठीमागे येत होता. एका वळणावर तो तुटला. लांब आलो, आता ऐकू येणार नाही, असं कुणालाही वाटलं असतं. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मी पुढे चालायला लागलो.